दोन पेंढ्या कडबा

"रडू नगा... बैल येतो माघारी."

नीलम्मा दचकली. पोखर्णीच्या नरसिंहाच्या जत्रेतला तंबूतला सिनेमा रीळ बदलायला थांबला होता. बायकांच्या बाजूला कंदील घेऊन आला होता तो तंबूवाल्यांचा बसवंत. गळ्यात तिच्यासारखंच इष्टलिंग. मघाशी दारात "कुठल्या तुमी?" म्हणून विचारणारा, अन् "पेडगावची" ऐकून उगीचच हसणारा.

"अगंबाई! शेवटच सांगून टाकलात की!"

"मग काय करू? तुमच्या डोळ्यांतलं पाणी बघवंना..."

तिनं लाजून पदर सावरला. पडद्यावरचा गाडीवान भारी भोळा. त्याचा एक बैल हरवलेला, गाव त्याला वेडा म्हणायचं. तरी हा रोज सांजच्याला गव्हाणीत दोन पेंढ्या कडबा टाकायचा – एक असलेल्या बैलाला, एक येणाऱ्याला. उरलेला खेळ नीलम्मानं गळ्यातला लिंगाचा शिवदोरा मुठीत आवळूनच पाहिला.

गावातच मल्लम्मा मावशीच्या घरी उतरली होती; तिथं येऊन बघते तो गळा मोकळा!

दोरा तुटला होता. चांदीच्या करंडीसकट लिंग गेलं होतं. लिंगपूजा झाल्याबिगर तिनं आजवर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पहाटेच दोघी मैदानात धावल्या, तर तिथं नुसती मेखांची भोकं. तहसीलीच्या हुकमानं तंबू उजाडायच्या आत सोनपेठच्या वाटेला लागला होता.

वैशाखाचं ऊन चढलं. जीभ टाळ्याला चिकटली. तरी नीलम्मानं बेल खुडून आणला, भस्म काढलं, पाट मांडला, अन् पूजेला लिंग ठेवायचा डावा तळहात मोकळाच धरून बसून राहिली.

"लिंग न्हाई अन् बेल कुणाला गं?" मावशी कळवळली. "तो सिनेमा हाय, बाई! खऱ्यात कोण माघारी देतंय चांदी? सांजच्याला स्वामींना बोलावते, नवं लिंग बांधतील. तवर घोटभर पाणी तरी घे."

"येतं माघारी, मावशी..." तिनं तळहात तसाच धरला.

दारात सावली पडली. बसवंत! धुळीनं माखलेला, ओठ सुकलेले. ओंजळीत उपरण्याची घडी.

"तुमच्या जागची चटई गुंडाळताना घावलं. तुमी पेडगावच्या म्हणून तिकडच्या गाड्यांमागं पळालो... अर्ध्या वाटंवर कळलं, तुमी हितंच मावशीकडं."

नीलम्मानं लिंग डोळ्यांना लावलं. पूजा होईतो तो उंबऱ्याबाहेर उभाच. मग तिनं तांब्या पुढं केला.

"आधी तुमी," तो म्हणाला.

"पाव्हण्यानं आधी घ्यायचं असतं."

"तुमी कोरड्या घशानं बसल्या असाल, मला ठावं होतं. म्हणून मीबी घेतलं न्हाई... आता आधी तुमीच."

तिनं तांब्या मागं घेतला. "अन् तुमचा तंबू?"

"गेला. मालक म्हणला, गेलास तर परत येऊ नगंस."

"मग आता... कुठं जाणार?"

त्यानं पाटावरच्या बेलाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "माझ्या वाटणीची पेंढी कुणी टाकून ठिवली असंल – तिथं."

नीलम्मानं मान खाली घातली. एक घोट घेतला, अन् तांब्या त्याच्या हाती दिला.

मावशी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. हळूच म्हणाली, "पाव्हणं, गाव कुठलं तुमचं? घरी कोण कोण हाय?"

तो काय सांगतोय ते ऐकायला नीलम्मा थांबली नाही. चुलीपाशी गेली, अन् कुणाला न विचारता परातीत तिघांचं पीठ घेतलं.