चाक ओढायला दोन माणसं

प्रेम माणसाला प्रामाणिक करतं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. त्या थोरामोठ्यांपैकी एकाचंही गॅरेज नव्हतं.

मिस्त्रीचं होतं. ती खरं तर शेजारच्या भंगारवाल्याकडे निघाली होती. दार चुकली आणि जुन्या गाड्यांना पुन्हा उभं करणाऱ्या मिस्त्रीच्या पुढ्यात आली. मागे टेम्पोला बांधलेली गाडी. वडील गेले होते, गाडी मागे राहिली होती.

"भंगारात घालायची आहे," ती म्हणाली.

मिस्त्रीने आधी गाडी पाहिली, मग तिला. मग पुन्हा गाडी पाहायला हवी होती, ते राहिलंच.

"अहो, ही भंगार नाही. रुसली आहे."

"मी दातांची डॉक्टर. रुसवे काढणं मला जमत नाही."

इंजिन खोलून झालं. काम अडलं ते स्टिअरिंगशी. आतला दांडा काढायचा तर आधी त्यावरचं स्टिअरिंगचं चाक निघायला हवं, आणि ते गंजून घट्ट बसलेलं. त्यासाठी पुलर नावाचं अवजार असतं. त्याचे दोन पाय चाकाला अडकवून मधला स्क्रू पिळला की चाक मुकाट्याने सुटतं. मिस्त्रीकडे ते होतं... तेलाच्या डब्यांमागे, फडक्यात गुंडाळून, त्यानेच लपवलेलं.

"याला दोन माणसं लागतात," तो गंभीरपणे म्हणाला. "एकाने आत बसून चाक छातीकडे ओढायचं, दुसऱ्याने दांड्यावर ठोकायचं. आणि सुटण्याआधी चाक आणि दांडा दोन्हीवर खूण करायची, नाहीतर परत वाकडं बसतं."

ती दर रविवारी येऊ लागली. खिडकीतून वाकून तो हातोडी मारी – माशीसुद्धा उडू नये अशी. तिच्या केसांना दवाखान्यातल्या लवंगतेलाचा वास यायचा.

"मिस्त्री, माझ्याकडे अक्कलदाढ याहून लवकर निघते."

"दाढ दुखते म्हणून निघते, डॉक्टर. याला कुठे काही दुखतंय?"

"आणि दुखत असेल तर?"

तो पुन्हा हातोडी मारी.

बाकीचे दिवस तो त्याच सीटवर बसून डबा खायचा. सीट तिने पुढे ओढलेली. गुडघे चाकाला लागायचे, पण ती मागे सारायचा त्याला धीर होत नसे.

एका रविवारी ती म्हणाली, "माझा दादा म्हणतो, आज चाक निघालं नाही तर गाडी शेजारी भंगारात."

मिस्त्री हातोडीकडे पाहत राहिला. चाक निघालं तर ती जाणार. नाही निघालं तर गाडीही जाणार आणि तीही. शेवटी तो उठला, डब्यांमागचं फडकं काढलं आणि पुलर तिच्यापुढे धरला.

"हा... पहिल्यापासून होता."

"माहीत आहे. पहिल्याच रविवारी पाहिला."

"मग बोलला का नाहीत?"

"मी तरी कुठे जोर लावत होते?"

स्क्रू पिळताना एका दांडीवर चार हात होते. चाक कट्कन सुटून तिच्या मांडीत आलं.

"आता पुढच्या रविवारी काय काढायचं?" तिने चाकाकडे बघत विचारलं.

"काही नाही... नुसती ये."

त्यातलं 'अहो-जाहो' कुठे गळून पडलं, ते दोघांनीही शोधलं नाही.

खूण करायची मात्र राहून गेली. ती गाडी सरळ न्यायची तर आजही चाक पाव वळण डावीकडे धरावं लागतं.