दाराचा जुना क्लोन

हसायचं तर हसा. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. अक्षर न् अक्षर खरं आहे.

कॅनडातलं विनिपेग. फेब्रुवारीतला रविवार, भर दुपार. बाहेर उणे एकतीस.

कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये मी एकटाच होतो. काम कंटाळवाणं. कॉम्प्युटरच्या आत चालणारे कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन्स. दर रविवारी प्रत्येकाची हुबेहूब नक्कल निघते. क्लोन. वर्षभराच्या क्लोन्सनी स्टोरेज तुडुंब भरलं होतं. माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, ते तारखेप्रमाणे लावणार, एखादा चालू करून तपासणार आणि बाकीचे उडवणार.

सकाळीच मार्लिसनं, माझ्या सहकारिणीनं, घरून फोनवर बजावलं होतं.

"कर्टिस, क्लोन चालू करण्याआधी त्याचं नेटवर्क तोड हं. नाहीतर तो स्वतःलाच खरं मशीन समजून कारभार हातात घेईल."

"अगं बाई, मला शिकवतेस?"

आणि मी नेमकं तेच विसरलो.

स्क्रिप्टनं निवडला दारांच्या मशीनचा क्लोन. कुणाच्या कार्डानं कुठलं दार उघडायचं, हे तेच मशीन ठरवतं. तारीख, गेल्या वर्षीची नऊ मार्च.

खट्...

खोलीच्या दाराला कुलूप पडलं.

कार्ड लावलं. लाल दिवा.

मी नोकरीला लागलो जूनमध्ये. मार्चच्या त्या मशीनला मी कोण, हेच ठाऊक नव्हतं!

आणीबाणीचं बटण दाबलं. ढिम्म. क्लोन बंद करायला गेलो... स्क्रीन गोठलेली. मोबाइलला रेंज नाही. दार बडवलं, बोंब ठोकली. पंख्यांच्या घरघरीत कोण ऐकणार? कोट बाहेर. थंड हवेचा झोत अंगावर. सोमवार सकाळपर्यंत इथेच! माझी पाचावर धारण बसली.

गोठलेल्या स्क्रीनवर एकच ओळ होती.

'आत : १. लॉर्न पेटकाऊ.'

माझ्या आधी या जागेवर लॉर्न होता. त्याच नऊ मार्चला, याच खोलीत त्याचं हृदय बंद पडलं. सोमवारी तो दाराशी पडलेला सापडला.

हा क्लोन निघाला, तेव्हा तो जिवंत होता.

पंखे थांबले. सगळे. एकदम.

टीं...

दाराजवळच्या कार्डयंत्राचा आवाज. मी दहा पावलं लांब होतो.

हिरवा दिवा. दार उघडलं. गार, घाईतलं काहीतरी मला घासून आधी बाहेर पडलं. मी जिवाच्या आकांतानं मागोमाग धावलो.

दुसऱ्या दिवशी मी नोकरी सोडली. मार्लिसनं तो क्लोन कायमचा उडवला.

काल तिचा ऑफिसमधून फोन आला.

"कर्टिस, कुठे आहेस?"

"घरी. सूप पितोय. का गं?"

"थट्टा नको. खरं सांग."

"अगं, घरीच!"

"मग... सर्व्हर रूममधून कुणीतरी कार्ड लावतंय. सारखं. लाल दिवा येतोय. नाव तुझं दिसतंय, आणि तुझं कार्ड तर माझ्या खणात आहे."

तिच्या मागे दार बडवल्याचे आवाज मला फोनवर स्पष्ट ऐकू येत होते.

"उघडू का रे?"

"नको," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

त्या रविवारीही क्लोन निघाला होता, आणि तेव्हा आत मी होतो. आत कोण आहे, मला माहीत नाही. पण त्या थंडीत मी त्याला तसंच कोंडून ठेवलंय, आणि कालपासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.