लेबल नसलेली कॅसेट

बाबांच्या टीव्हीवर ऑनलाइन सिनेमे सुरू करून द्यायचे आणि पाचच्या गाडीने परतायचं, एवढंच काम घेऊन चिमी त्या दुपारी घरी आली होती. बाबांनी वीस वर्षं व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवलेली. पण नवा रिमोट हातात आला की त्यांची बोटं गोंधळायची, आणि फोनवर समजावताना चिमीचा आवाज चढायचा. गेल्या आठवड्यात तर ती त्यांना जरा डोकं वापरा म्हणाली होती.

उन्हाची तिरीप नको म्हणून तिने पडदे ओढले. खोलीला अजून जुन्या कॅसेटींचा, तापलेल्या प्लास्टिकचा वास होता. तिने सांगितलं, काही सिनेमे वर्गणीत मिळतात, काही भाड्याने. भाड्याचा अठ्ठेचाळीस तासांनी आपोआप जातो.

बाबा हसले. "बरं आहे. रिवाइंड न करता आणून देणाऱ्यांशी भांडायला नको."

मग त्यांनी एक जुना सिनेमा लावायला सांगितला. नाव ऐकून चिमीचं बोट रिमोटवरच थांबलं.

अकरा वर्षांची असताना तिने तोच सिनेमा चोरून कॉपी केला होता. दुसऱ्या सकाळी तो गिऱ्हाइकाकडे जाणार होता. घरात दोन व्हीसीआर होते आणि फळीवर लेबल नसलेली एक कॅसेट. तिच्या मागचा प्लास्टिकचा तुकडा मुद्दाम मोडलेला, पुन्हा कोणी काही भरू नये म्हणून. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की भरता येतं, हे दुकानदाराच्या पोरीला शिकवावं लागत नाही.

त्या कॅसेटमध्ये आई होती. मामाने कॅमेऱ्यात टिपलेली, दारात बसून चिमीची वेणी घालताना "पुरे की रे" म्हणत हसणारी. आई गेल्यावर तिचा आवाज तेवढाच उरला होता. बाबांना ती कॅसेट नुसत्या स्पर्शाने कळायची. लेबल कशाला लावतील?

बाबांना वाटलं, कॉप्या काढताना घाईत आपणच पट्टी लावली आणि आपल्याच हातून कॅसेट पुसली. मामा चारचौघांत त्यांना वाटेल ते बोलला. ते मान खाली घालून ऐकत राहिले, आणि चिमी दाराआड गप्प उभी राहिली. त्याला सतरा वर्षं झाली. जगाला तावातावाने खरं सुनावणारी चिमी या एका बाबतीत अजून गप्पच होती.

"हाच का लावायचा, बाबा?"

"त्यावर हाच भरला गेला ना... किती वेळा पाहिला मी. वाटायचं, मधे कुठे तरी तिचा एखादा शब्द राहिला असेल."

चिमीने मान वर न करता सिनेमा लावला.

अर्ध्या तासाने पडद्यावर नायक रिकाम्या स्टेशनात पत्र वाचू लागला. संगीत विरलं आणि त्याखाली बारीक खरखर ऐकू आली, टेप ओढली जाताना होते तशी. इथे टेप नव्हतीच. नायकाच्या मागे वेटिंग रूमच्या दारात एक बाई पाठमोरी बसली होती. तिचे हात वेणी घालताना हलतात तसे हलत होते. पुढ्यात कोणी नव्हतं.

"चिमे..." स्पीकरमधून थकलेला आवाज आला. "ती पट्टी काढ गं... श्वास लागतोय..."

बाबांनी हळूहळू तिच्याकडे पाहिलं. "ती पट्टी तुला का काढायला सांगतेय?"

"मी लावली होती..." चिमी म्हणाली. "तुमच्या हातून नव्हती पुसली, बाबा. मी पुसली."

बाबांची नजर पुन्हा पडद्याकडे वळली. रागावले असते तर बरं झालं असतं. तिने चाचपडत पॉझचं बटण दाबलं. नायक थांबला, त्याच्या हातातलं पत्र थांबलं. दारातले हात मात्र हलतच राहिले. मग हवेत इकडेतिकडे चाचपू लागले.

बाबांनी सोफ्यावरून सरकून तिला वाट करून दिली.

"पडद्यापुढे जाऊन बस," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "तिच्या हाताला तुझे केस लागत नाहीयेत."