उंबऱ्यावर अडलेली हाक

प्रयोगशाळेत शिरल्याबरोबर विश्वजित सरनोबतांनी खुर्ची ओढली आणि आपला टॅबलेट टेबलावर आपटल्यासारखा ठेवला. देवीच्या डोंगरावर जाणारी रज्जुवाहिनी त्यांच्या कंपनीची. तिचा पाळणा न थांबता वरच्या फलाटावर आदळला आणि दर्शनाला निघालेलं एक जोडपं गेलं. खालच्या स्थानकावरची चालक रोहिणी तांबट हिच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवायचा, एवढंच काय ते बाकी होतं.

"पाळणा चालवणारा संगणक, म्हणजे नियंत्रक, त्याच्या नोंदीत 'थांबा' असा आदेशच नाही," सरनोबतांनी टॅबलेटवरून वाचलं. "बाईंनी कळ दाबलीच नाही."

"दाबली! पुन्हा पुन्हा दाबली!" रोहिणी उसळली. "हिरवा दिवा लागला होता. दिवा लागला की आदेश पोचला, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून तर मी हातब्रेककडे धावले नाही."

"पोचला, मग पाळणा का थांबला नाही? देवीला विचारायचं का आता?"

"देवीला कशाला मध्ये ओढता?" डॉ. त्र्यंबक वाळिंबे म्हणाले. कोसळलेल्या यंत्रांची स्मृती तपासणं हे त्यांचं काम, आणि संध्याकाळी कीर्तनाला पेटीची साथ करणं हे त्यांचं सुख. माणूस एरवी लोण्यासारखा. आज मात्र आवाज चढला होता. "जे विचारायचं ते यंत्राला विचारू. ते खोटं बोलत नाही."

चौकशी अधिकारी लीला केणी यांनी चष्मा पुसला. "वाळिंबे, मला समजेल असं सांगा."

"यंत्र कोसळताना आपल्या स्मृतीचा जसाच्या तसा ठसा ठेवून जातं. हा स्मृतिठसा. आमचं 'जाळेदर्शक' नावाचं अवजार त्यात डोकावून सांगतं, की त्या क्षणी कोण कोणाशी बोलत होतं आणि कोणाचा शब्द कुठे अडला होता. आता देवळात बघा. तुम्ही ओटी नेता. उंबऱ्यावरचा सेवेकरी ती घेतो, 'पोचली हो' म्हणतो आणि रांगेत ठेवतो. गुरुजी उचलतील तेव्हाच ती देवीपुढे जाते. यंत्रातही असा सेवेकरी असतो, त्याला आम्ही गाभाप्रणाली म्हणतो. निरोप आला की ती पोच देऊन टाकते. नियंत्रकाने तो वाचला की नाही, तिला काय त्याचं!"

"आणि हिरवा दिवा?"

"सेवेकऱ्याच्या शब्दावर लागत होता, बाई. गुरुजींचा पत्ताच नव्हता."

त्यांनी पडदा वळवला. आत आलेल्या निरोपांच्या रांगेत एकाखाली एक ओळी होत्या: थांबा. थांबा. थांबा. पोच दिलेली. न वाचलेल्या.

रोहिणीने पदर तोंडावर दाबला.

"हा झाला पूर्वरंग," वाळिंबे म्हणाले. "आता आख्यान. नियंत्रक का वाचत नव्हता? तो एका उत्तराची वाट बघत थिजला होता. बाहेर जाणाऱ्या रांगेत त्याचा प्रश्न अडकलाय: 'दोर घसरतोय, पाळणा थांबवू का?' विशेष दर्शनाच्या पाहुण्यांचा खोळंबा होतो म्हणून नवरात्रात तुम्हीच नियम घातलात ना, सरनोबत, की तुमच्या परवानगीशिवाय नियंत्रकाने पाळणा थांबवायचा नाही?"

"घातला. मग? माझ्याकडे प्रश्न आलाच नाही!" सरनोबतांनी टॅबलेट उचलून दाखवला. "हा मी कधी बंदही करत नाही. दोराबद्दल एक इशारा, एक जरी, आला असता तरी मी सगळं थांबवलं असतं."

"प्रश्न आला नाही, हे खरं. कारण पलीकडच्या यंत्राने कळवलं होतं, 'माझ्याकडे जागा नाही, पाठवू नका.' तेही या ठशात आहे. घेणाऱ्याची रांग न वाचलेल्या निरोपांनी तुडुंब भरली की असं होतं."

"पलीकडचं यंत्र कोणतं?" केणीबाईंनी विचारलं.

"ज्यावरून हे आरोप वाचतायत, ते."

केणीबाईंची नजर सरनोबतांच्या हातातल्या टॅबलेटकडे वळली.

"काय भरलं होतं त्यात?"

"माझ्या ठशात ते सापडणार नाही. पोच मिळाली की पाठवणारा निरोप पुसून टाकतो. मग तो उरतो फक्त घेणाऱ्याच्या स्मृतीत, कोणी वाचेपर्यंत." वाळिंबे सरनोबतांकडे वळले. "मिटल्या डोळ्यांनी देव भेटेल, साहेब. मिटल्या डोळ्यांनी दोर सांभाळता येत नाही! नियंत्रकाने आधी पाठवलेले दोराचे सगळे इशारे अजून त्याच टॅबलेटात, न वाचलेले असणार. जोवर तो बंद होत नाही, तोवर."

सरनोबतांचा अंगठा अलगद टॅबलेटच्या कडेवरच्या बटणाकडे सरकला.

पण धोका दिसला की हात आधी हलवायचा, हीच रोहिणीची नोकरी होती. तिने झडप घालून टॅबलेट हिसकावला आणि केणीबाईंपुढे ठेवला.

"थांबा म्हटलं की थांबायचं असतं, साहेब," ती म्हणाली.