आतल्या खोलीतली अकरा चित्रं

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. दोन्ही वेळा मी स्वतः तिथे होते. शुद्धीत होते. आणि दोन्ही वेळा दिवसाउजेडी घडलं.

दोन वर्षांपूर्वीचा शुक्रवार. दुपारचे सव्वादोन.

माझा मामा एका आर्ट गॅलरीत चित्रं टांगायचं काम करायचा. सव्वीस वर्षं हेच काम. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून प्रदर्शन मांडतात कसं ते एकदा बघायचं होतं.

"ये," मामा म्हणाला. "पण मध्ये मध्ये बोलायचं नाही."

गॅलरीला दोन खोल्या. बाहेरची मोठी. आतली लहान, बिनखिडकीची. आतल्या खोलीत एका म्हाताऱ्या चित्रकार बाईंची अकरा चित्रं लागणार होती. बाई तीन महिन्यांपूर्वी वारल्या होत्या. झोपेतच गेल्या, असं त्यांच्या मुलाने सांगितलं होतं.

चित्रं वहीच्या पानाएवढी. सगळ्यांत एकच खिडकी, वेगवेगळ्या उजेडातली.

मामाने भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणला. जमिनीपासून चार फूट दहा इंच.

"प्रत्येक चित्राचा मध्य या दोऱ्यावर आला पाहिजे. उभ्या माणसाची नजर इथे पडते. लोकांना वाटतं, आम्ही चित्रं भिंतीवर लावतो. आम्ही ती डोळ्यांसमोर लावतो."

मग दिवे. काचेवर चमक येऊ नये म्हणून तिरके. मग प्रत्येक चित्राशेजारी नावाची पट्टी. दीड तासात भिंत तयार झाली. मामाने दोरा काढला आणि आम्ही बाहेरच्या खोलीत चहा घेत बसलो.

आतल्या खोलीला एकच दार. ते आमच्या अगदी समोर होतं.

अर्धा कप झाला असेल, आणि...

चर्र.

"एसी असेल," मी म्हणाले.

"एसी बंद आहे."

चर्र... थांबलं. पुन्हा चर्र... पुन्हा थांबलं.

भिंतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे काहीतरी सरकत होतं. सावकाश. मध्ये मध्ये थांबत. एकेक चित्र बघत जावं, तसं.

मग आवाज बंद झाला.

मामा उठला. मी त्याच्या मागे.

आत कुणीच नव्हतं.

पण चित्रं...

सगळी खाली आली होती. अकराच्या अकरा. रांग मात्र सरळ, जराही वाकडी नाही. नावाच्या पट्ट्याही खाली.

मामाने टेप लावली. तीन फूट नऊ इंच. दुसरं चित्र. तीन फूट नऊ इंच. तिसरंही तेवढंच.

मग त्याने वरच्या जागेवरून हात फिरवला. तासाभरापूर्वी त्याने माझ्यासमोर तिथे खिळे ठोकले होते. आता एकही भोक नव्हतं. भिंत गुळगुळीत.

"सव्वीस वर्षांत माझं काम कुणी दुरुस्त केलं नव्हतं," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला त्याने.टेप धरलेला हात थरथरत होता.

पाच वाजता बाईंचा मुलगा आला. पन्नाशीचा, शांत माणूस. भिंतीकडे बघतच राहिला.

"आईच्या खुर्चीच्या उंचीवर लावलीत," तो म्हणाला. "शेवटची नऊ वर्षं ती चाकाच्या खुर्चीतच होती. कसं सुचलं तुम्हाला?"

मामाने माझ्याकडे पाहिलं.

"सुचलं," तो म्हणाला.

मुलाला ते इतकं आवडलं की त्याने काही बदलू दिलं नाही. प्रदर्शन सुरू झालं. लोक वाकून वाकून चित्रं बघत होते आणि मांडणीचं कौतुक करत होते. मामा मात्र आतल्या खोलीत एकटा जात नव्हता.

पुढचा गुरुवार. सकाळचे दहा. शाळेला सुट्टी होती, म्हणून मामाने मला सोबत बोलावलं. बाईंचा मुलगाही त्याच वेळी आला. गॅलरी रात्रभर बंद होती. वॉचमनने आमच्यासमोर कुलूप काढलं.

आम्ही बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं, आणि आतून...

आवाज आला. या वेळी चर्र नाही. फरशीवरून कापड घासत जावं तसा. थोडंसं. मग थांबलं. मग पुन्हा थोडंसं.

मामाने आतल्या खोलीत जाऊन दिवे लावले. आवाज थांबला.

भिंत रिकामी होती.

मग माझी नजर खाली गेली...

चित्रांच्या खालच्या कडा फरशीला टेकल्या होत्या. अकराही. दिव्यांची तोंडंसुद्धा खाली वळलेली.

मामा आधी गुडघ्यांवर बसला. इथूनही नाही, अशी मान हलवली. मग कुशीवर आडवा झाला आणि गाल फरशीला लावला.

"इथून दिसतात," तो हळूच म्हणाला. "इथूनच नीट दिसतात."

आणि चटका बसल्यासारखा उठला.

मी तिथे हात लावून बघितला. सगळी फरशी गार होती. तेवढीच जागा कोमट. माणूस बराच वेळ पडून राहिल्यावर होते तशी.

मागे वळले, तर मुलगा दारात उभा होता. तोंड पांढरं पडलेलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"काय सांगितलं?" मामा म्हणाला.

मुलगा त्या फरशीकडे बघत होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, आणि ते आम्हाला उद्देशून नव्हतं...

"मी सकाळी येणारच होतो गं, आई."

तो तसाच निघून गेला. दुपारी त्याचा निरोप आला, प्रदर्शन बंद करा. चित्रं न्यायला तो कधीच आला नाही. फोनही उचलत नाही. गॅलरीच्या गोदामात ती अजून कापडात गुंडाळून ठेवलेली आहेत.

मामाने त्याच महिन्यात काम सोडलं.

आम्ही कुणाला काही बोललो नाही. सांगणार तरी काय? चित्रं खाली आली, हे? कोण ऐकून घेणार? पण आई झोपेतच गेली असं सांगणाऱ्या मुलाचं, फरशीकडे बघत म्हटलेलं ते एक वाक्य आम्ही दोघांनीही ऐकलं होतं. ते तर भुताने म्हटलं नव्हतं. मग गप्प का राहिलो, हे मी मामाला एकदा विचारलं. तो उठून आत गेला.

त्या खोलीत आजही प्रदर्शनं लागतात. मी जाते कधीतरी.

बाहेरच्या खोलीतली चित्रं बघते, आणि परत येते.