खंडेनवमीचं इंजिन

बाळांनो, आज डोळे मिटायचे नाहीत. उघड्या डोळ्यांनीच माझ्याबरोबर कल्पना करा. तुमच्यासमोर भिंतीएवढी जाड काच आहे. काचेपलीकडे पांढऱ्या दिव्यांची खोली, आणि खोलीच्या मधोमध लोखंडी चौकटीवर बसवलेलं एक इंजिन. त्याला गाडी नाही, चाकं नाहीत. शर्यतीआधी ते इथेच पळवून बघतात. डॉक्टर आपल्याला एका जागी पळायला लावून तपासतात ना, तसं.

त्या इंजिनाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मी शुभाआजी. सांगलीच्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि २००७ च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गला माझ्या मुलीकडे, मीनलकडे राहायला गेले. ते सगळं शहर मोटारींवर जगतं. मीनल मात्र मोठ्या कारखान्यात नव्हती. कालव्याकाठच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ती शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं आखायची. बाहेरून रस्त्यावरच्या साध्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या त्या गाड्यांना स्टॉक कार म्हणतात. वर्कशॉपचे मालक हेर ब्रेमर, हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत, आणि शर्यतीत गाडी चालवायची त्यांची मुलगी काट्रिन.

त्या वर्षी नियम बदलले होते. पूर्वी दर शर्यतीला नवं इंजिन चालायचं, आता हंगामभर एकच. तेही लहान, आणि कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल मोजून फवारणारं. वसंतातच शर्यत भरवणाऱ्या मंडळाचा तपासनीस येऊन इंजिनाच्या बोल्टांतून तार ओवून तिला शिशाचं सील ठोकून गेला होता. सील तुटलं की ते इंजिन बाद. मीनलनं स्वतः आखलेलं ते पहिलंच इंजिन. वजन कमी व्हावं म्हणून तिनं आतले कनेक्टिंग रॉड बारीक केले होते. सायकल चालवताना तुमची पोटरी पायडल ढकलते, तेच काम इंजिनात हा रॉड करतो. एकच शर्यत उरली होती, आणि काट्रिन सगळ्यांच्या पुढे होती.

खंडेनवमी शनिवारी आली. त्या दिवशी आपण हत्यारं, यंत्रं पुसतो, त्यांना हळदकुंकू लावतो आणि दिवसभर विश्रांती देतो. मीनल दरवर्षी वर्कशॉपमधले पाने पुजायची. मी सांगलीहून नेलेला कुंकवाचा करंडा आणि बाजारातली शेवंती घेऊन तिच्याबरोबर गेले. माझी सहा वर्षांची नात ईप्सिताही आली. ती मराठी सगळं समजायची, पण उत्तर द्यायची जर्मनमध्ये.

दाराशी मी धापा टाकत उभी राहिले.

"अगं आई, चार पायऱ्यांत दमलीस?" मीनल म्हणाली.

"वय झालं गं," मी म्हटलं.

मीनलनं हेर ब्रेमरना सांगितलं, की आईच्या मते आज यंत्राला सुट्टी हवी. ते मिशीत हसले. "मग इंजिनानं उरलाउबचा, रजेचा, अर्ज आधी द्यायचा ना! आज शेवटची चाचणी आहे."

चाचणीच्या खोलीला कुलूपच होतं. ईप्सितानं बाहेरच्या पान्यांना कुंकू लावलं. मागच्या आठवड्यात किंडरगार्टनमध्ये तिच्या अनामिकेला कात्री लागली होती, पेरावर आडवी खूण राहिली होती. त्यामुळे प्रत्येक पान्यावर तिचं बोट मधे एक बारीक रेघ सोडून उमटत होतं. मला गंमत वाटली.

मग इंजिन सुरू झालं. काचेतूनही त्याची घरघर पायांना जाणवत होती. पडद्यावरचे आकडे बघून मीनलचा चेहरा खुलला. तेल, उष्णता, ताकद, सगळं जिथल्या तिथे.

ईप्सितानं काचेला कान लावला.

"दा," ती म्हणाली. म्हणजे तिथे. "टूट वे."

गुडघा खरचटला की ती हेच म्हणायची. दुखतंय.

"कुणाला गं?"

तिनं काचेवर बोट ठेवलं. कुंकवानं माखलेलंच होतं ते. इंजिनाच्या बरोबर मध्यावर, तिसऱ्या सिलिंडरसमोर. मी कान देऊन ऐकलं. एकसारख्या आवाजाशिवाय मला काहीच ऐकू आलं नाही.

इंजिन बंद पडलं.

पेट्रोल होतं. ठिणगी होती. मीनलनं ते पुन्हा सुरू केलं. थोडं पळालं आणि पुन्हा थांबलं. धक्का नाही, खोकणं नाही. दमलेला माणूस खाली बसतो तसं. हेर ब्रेमरनी एक वायर बदलली. तिसऱ्यांदाही तेच.

शास्त्राच्या बाईला दहा कारणं सुचतात. मलाही सुचली. मीनलनं एकेक तपासून बाजूला टाकलं. ईप्सिता एव्हाना रडत होती, आवाज न करता.

"उघडून बघू या," मीनल अचानक म्हणाली.

"सील तोडून?" हेर ब्रेमर जागेवरून उठले. "मग शर्यत गेली. हंगाम गेला. तुझं इंजिन बाद, मीनल! कशासाठी? मूल रडतंय म्हणून?"

"आज हे चालायचं नाही म्हणतंय. आमच्याकडे आज चालवतही नाहीत." ती म्हणाली. "मला आत बघू द्या."

"पडद्यावर एक तरी आकडा चुकलाय का? दाखव."



दारात काट्रिन उभी होती, हातात ब्रेडची पिशवी. तिनं रडणाऱ्या ईप्सिताकडे पाहिलं, मग काचेकडे.

"पापा," ती म्हणाली, "गाडीत बसायचं मला आहे. तोडा."

मीनलनंच तार कापली. त्याआधी हेर ब्रेमरनी सील उजेडात धरून पाहिलं. वसंतातलंच होतं, अभंग.

इंजिन उलटं करून तेलाचं खालचं झाकण काढलं.

तिसऱ्या रॉडला तडा होता. केसासारखा, जवळजवळ आरपार. पुढच्या फेरीत तुटला असता. शर्यतीच्या वेगात तुटला असता तर तेल मागच्या चाकांखाली गेलं असतं, आणि गाडी भिंतीवर.

हेर ब्रेमर एका खोक्यावर बसले. त्यांनी मुलीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग मीनलकडे बघून ते म्हणाले, "डांके." धन्यवाद, एवढंच. मला वाटतं, त्या माणसानं तो शब्द इतका मनापासून कधी उच्चारला नसेल.

मीनल फडक्यानं रॉड पुसत होती. तेल निघालं. तड्याशेजारचा एक डाग निघेना.

लाल होता.

"आई," ती म्हणाली, "इकडे ये."

मी चष्मा लावून वाकले. लहानशा बोटाचा ठसा होता. त्याच्या मधोमध एक आडवी, कोरी रेघ.

सील वसंतातलं. करंडा माझ्याबरोबर सप्टेंबरात आलेला. कात्री मागच्या आठवड्यातली.



मी ईप्सिताकडे वळून पाहिलं. तिचं रडणं थांबलं होतं. तो डाग बघून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिनं डोळे पुसले, टेबलावरचा करंडा उघडला आणि अनामिका कुंकवात बुडवली.

मला वाटलं, ती उरलेल्या पान्यांकडे जाईल.

ती माझ्याकडे आली. माझ्या कमरेला मिठी मारून तिनं माझ्या छातीला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिली, मघाशी काचेला लावून ऐकत होती तशीच.

मग तिनं हात वर केला आणि माझ्या पदरावर, डाव्या बाजूला, ते लाल बोट हलकेच टेकवलं.

"दा," ती म्हणाली.