कड्याबाहेरची काळी तार

मोटरी चालू केल्या की पेटी गप्प. दिवा लावला की खट्ट! सगळंच बंद. पुन्हा मोटरी, गप्प. पुन्हा दिवा, खट्ट!

"ही काय भानामती म्हणायची?" मंजुळाकाकींनी कपाळावर हात मारला.

मी सुरंगी तांडेल, इयत्ता सातवी. ही गोष्ट २०५८ सालची. आमच्या खाडीकाठच्या शेडमध्ये टाक्यांत खेकड्यांची पिल्लं वाढवतात. मंजुळाकाकी तिथल्या महिला संस्थेच्या अध्यक्ष. माझी आई तिथेच दिवसभर गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी असते. गेल्या वर्षी एका मोटरीतून पाण्यात वीज उतरली आणि आई धाडकन बाहेर फेकली गेली. वाचली, पण तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत.

म्हणून आजोबांनी इथे भूदोष रिले (वीज भलत्या वाटेने जमिनीत गळू लागली की क्षणात पुरवठा तोडायला लावणारी पेटी) बसवायचं ठरवलं. त्यांनी चाळीस वर्षं वीजघरांत असल्याच पेट्या बसवल्या. आता हात थरथरतात, डोळ्यांनाही कमी दिसतं, म्हणून जोडणी मी केली. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली आजोबांच्या खिशात. तारा निर्जीव आहेत हे त्यांनी स्वतः दोनदा तपासलं. उजेड धरायला टोपाजी होता. हा आमचा यंत्रमानव, डोकं अगदी भाताच्या टोपासारखं. एकेक स्क्रू मी असा आवळला की विचारू नका! मग पेटीच्या दारावर ठळक शाईने झोकात लिहिलं, 'जोडणी : सुरंगी तांडेल'. तेही चाचणी व्हायच्या आधीच.

आणि आता हे खट्ट-खट्ट.

"तांडेलकाका, दिव्यांच्या उबेशिवाय पिल्लं गारठतील हो," काकी म्हणाल्या. "चारपर्यंत वाट बघते. नाही जमलं तर पेटी काढायची आणि थेट जोडणी करायची."

थेट जोडणी! म्हणजे आई पुन्हा त्याच पाण्यात, कुणाचीही राखण नसताना.

"पेटीच बिघडलीय," मी ठसक्यात म्हणाले. "माझी जोडणी चोख आहे."

"पेटी उगाच ओरडत नाही गो बाय," आजोबा म्हणाले. "तिला काय दिसतं ते बघ आधी. सहलीला निघताना तुमच्या बाई फाटकात उभ्या राहून काय करतात?"

"पोरं मोजतात. जाताना आणि परत येताना."

"हे कडंही तेच करतं." आजोबांनी तारांभोवतीच्या जाड कड्यावर बोट ठेवलं. "जितकी वीज आतून गेली तितकीच परत आली, तर हे गप्प. एखादं पोर वाटेत झुडपात शिरलं, म्हणजे थोडी वीज पाण्यातून नाहीतर माणसातून जमिनीत गेली, की परतीची वीज कमी भरते. कडं लगेच रिलेला कळवतं आणि रिले स्विच पाडायला लावतो. आता सांग, मोटरीला तारा किती?"

"तीन. लाल, पिवळी, निळी."

"आणि दिव्याला?"

"त्यांतली एक आणि काळी. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार)..." बोलता बोलता मी वाकून कड्याकडे बघितलं.

मोटरीच्या तिन्ही तारा कड्यातून जात होत्या. एकीने गेलेली वीज बाकीच्या दोघींनी परत यायची, सगळा कारभार एकाच फाटकातून. पण काळी? काळ्या तारेला टेस्टर लावला तर तो पेटत नाही. 'ही तर रिकामीच तार,' असं समजून मी तिला कड्याच्या बाहेरून नेलं होतं. आतली जागाही अरुंद होती ना! आजोबांनी विचारलं होतं, "काळी घेतलीस ना आत?" आणि मी वर न बघताच "हो हो" म्हटलं होतं.

म्हणजे दिव्याची वीज फाटकातून जात होती आणि परत मात्र मागच्या कुंपणातून येत होती. बाईंना पोर हरवलं असंच वाटणार!

सगळे माझ्याकडे बघत होते. पेटीवर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण मग चार वाजता पेटी निघाली असती आणि आई पाण्यात उतरली असती.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "काळी बाहेर राहिलीय. आजोबा, मी तुम्हाला खोटं हो म्हटलं."

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी मेन स्विच बंद केला, कुलूप घातलं, पुन्हा दोनदा तपासलं आणि म्हणाले, "मग बसलीस काय? घे आत."

"टेस्टर न पेटणाऱ्या तारेतूनही वीज वाहते," टोपाजीने उजेड धरत सुनावलं.

"कळलं रे, शहाण्या!"

काळी तार मी कड्यातून ओवली. "हिरवीही घेऊ?" मी विचारलं. ही अर्थिंगची (गळकी वीज सुखरूप जमिनीत नेणारी) तार.

"छे! हरवलेलं पोर त्या वाटेने येतं. ती आत घेतलीस तर तेही परत आलेल्यांत मोजलं जाईल आणि बाई निवांत बसतील."

पावणेचारला आजोबांनी कुलूप उघडलं. मोटरी घरघरल्या. पेटी गप्प. काकींनी एक दिवा लावला, मग दुसरा, मग सगळे. पेटी गप्प!

"थांबा. मुद्दाम गळती करून बघू," आजोबा म्हणाले. आई लांब उभी होती. टोपाजीने एक छोटा बल्ब लाल तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये जोडला. बल्ब चमकतोय न चमकतोय तोच खट्ट! सगळं बंद. त्या खट्टला अख्ख्या शेडने टाळ्या वाजवल्या.

बल्ब काढून पुरवठा चालू केल्यावर आई टाकीत उतरली. "वर्षभरात आज पहिल्यांदा पाय लटपटले नाहीत," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. माझेही.

मंजुळाकाकी म्हणाल्या, "पुढच्या वर्षी समुद्राच्या तळाशी शिंपल्यांची शेती सुरू होतेय. तिथल्या पेट्यांची जोडणी शिकायला येशील काय गो?"

मी मान डोलावली आणि आधी फडकं घेऊन दारावरची माझी सही पुसायला गेले. आजोबांनी हात धरला.

"राहू दे. चाळीस वर्षांत मीही एकदा असाच चुकलो होतो, पण चारचौघांत कबूल करायला मला दोन दिवस लागले." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "खाली लिही, 'चाचणी झाली', आणि आजची तारीख घाल."

मी लिहिलं. या वेळी अक्षर झोकात नव्हतं, पण आईला टाकीतूनही वाचता येईल इतकं मोठं होतं.